केसर काढायचं राहिलं

ताईच्या दुकानातून – चुकलं, मास्तरांच्या दुकानातून, पाटीवर तसंच लिहिलंय – तर त्या दुकानातून लिलीचं एकही फूल केसर काढल्याशिवाय बाहेर पडलं नव्हतं. तीस वर्षांत एकही नाही. लिली उमलली की तिच्या पोटातून सहा दांड्या वर येतात आणि प्रत्येकीच्या टोकाला नारिंगी भुकटीची एकेक पिशवी असते. फुलवाले तिला केसर म्हणतात. हे केसर कपड्याला लागलं की संपलं. धुतलं तर पसरतं, चोळलं तर बसतं, आणि बसलं की तो कपडा फरशी पुसायला घ्यावा. म्हणून फूल तोंड उघडायला लागलं रे लागलं, की दोन बोटं आत घालून सहाच्या सहा पिशव्या खुडून टाकायच्या. ताईची उजव्या हाताची दोन बोटं त्यामुळे कायम पिवळी. नवीन माणसाला वाटायचं, बाई सिगारेट ओढत असेल.

दुकान दोन खोल्यांचं. पुढे काउंटर, काचेची फुलदाणी आणि मास्तर. मध्ये पडदा. मागे दगडी मोरी, सोळा बादल्या, थंड खोलीचं जाडजूड दार आणि ताई. मास्तर म्हणजे तिचा सख्खा धाकटा भाऊ. शाळेत त्याने कधी शिकवलं नाही, पण दर रविवारी सकाळी तो दुकानातच हौशी लोकांचा वर्ग घ्यायचा, विषय 'कापलेल्या फुलांची निगा', म्हणून सगळा बाजार त्याला मास्तर म्हणायचा. देठ तिरका कापा, पाण्याखाली कापा, पाण्यात बुडतील ती पानं आधी ओरबाडून काढा, नाहीतर पाणी सडतं. पिकलेली फळं फुलांजवळ ठेवू नका, कार्नेशन एका दिवसात मान टाकतात. मान टाकलेला गुलाब वर्तमानपत्रात घट्ट गुंडाळून कोमट पाण्यात उभा करा, दोन तासांत ताठ होतो. असं सगळं तो छान समजावून सांगायचा. कागदावर ते ताईने लिहून दिलेलं असायचं. वर्ग चालू असताना ती पडद्यामागे देठ कापत असायची आणि कात्रीचा आवाज पुढे ऐकू गेला की मास्तर म्हणायचे, "मागे काम चालू आहे, लक्ष देऊ नका."

दुकान मुळात बापाचं. ताई चौदा वर्षांची होती तेव्हा बापाचे हात थरथरायला लागले आणि तिने कात्री हातात घेतली, ती कायमचीच. भाऊ तेव्हा आठ वर्षांचा. तो शिकला, मोठा झाला, एका कचेरीत लागला, तिथून निघाला. मग टायरच्या कंपनीत लागला, तिथूनही निघाला. दोन्ही वेळा दोष साहेबाचा होता. त्याच्या बाबतीत दोष नेहमी दुसऱ्याचाच निघायचा, हे त्याचं नशीब म्हणा की कसब म्हणा. मग तो म्हणाला, चार दिवस दुकानात बसतो. ते चार दिवस काही संपले नाहीत. बाप गेला तशी पुढे नवी पाटी लागली, मोठ्या ठसठशीत अक्षरांत भावाच्या नावाची. ताई म्हणाली होती, दोघांचं नाव घाल. तो म्हणाला, पाटी लहान आहे गं.

खोटं कशाला बोलायचं, भावाला बोलता यायचं. नवरीची आई रडकुंडीला येऊन दारात उभी राहिली की पाच मिनिटांत तो तिला खुर्चीत बसवून हसवून सोडायचा. ताईला ते जमत नसे. एकदा भाऊ आजारी म्हणून ती काउंटरवर बसली आणि एका नवरीला तोंडावर म्हणाली की हा रंग तुम्हाला शोभत नाही. रंग खरंच शोभत नव्हता. पण नवरी दुसऱ्या दुकानात गेली. त्यानंतर ताई परत मागे गेली आणि पडदा पडला तो पडलाच. लग्न करायचं राहिलं, कारण दुसऱ्यांची लग्नं सजवता सजवता वय निघून गेलं, असं लोक म्हणायचे. तसं काही नव्हतं. विचारायलाच कुणी आलं नाही, आणि ती बादल्या सोडून बाहेर दिसेल तेव्हा ना कुणी येणार.

पण ताईचा राग लग्नावर नव्हता, पाटीवरसुद्धा नव्हता. राग होता एका शब्दावर. कुणी कमानीचं कौतुक केलं, कुणी म्हणालं की मास्तर, चार दिवस झाले तरी तुमची फुलं ताजी, की भाऊ नम्रपणे मान खाली घालायचा आणि म्हणायचा, "बहिणीचाही हातभार आहे." हातभार. आता हातभार म्हणजे काय, तर कपाट हलवताना शेजारी येऊन एक कोपरा उचलतो, त्याला हातभार म्हणतात. अख्खं कपाट एकीने पाठीवर घ्यायचं आणि दुसऱ्याने पुढे चालत 'डावीकडे, जरा डावीकडे' म्हणायचं, तर त्यात हातभार नक्की कुणाचा? पडद्यामागे हा शब्द ऐकू आला की ताईच्या हातातला देठ बोटभर जास्त कापला जायचा. तेवढंच काय ते तिचं भांडण.

अशी सगळी वर्षं गेली. ताईची बोटं सांध्यांशी सुजायला लागली, सकाळी कात्री उघडेना. डॉक्टर म्हणाले, हात कोरडे ठेवा. ताई म्हणाली, मासळीला सांगून बघा पाण्याबाहेर राहायला. आणि त्याच वर्षी फूलविक्रेत्यांच्या संघाचं पत्र आलं. तीस वर्षांच्या सेवेबद्दल मास्तरांचा सत्कार. खाली एक ओळ होती: समारंभाच्या दिवशी रंगमंचाची सजावट सत्कारमूर्तींच्या हातची असावी, अशी सर्व सभासदांची इच्छा आहे.

भाऊ पत्र घेऊन मागे आला. मागे तो सहसा यायचा नाही, बुटांना पाणी लागतं म्हणून. ताई गुलाबांचे काटे काढत होती. तो तिच्यासमोर उपड्या बादलीवर बसला आणि पत्र वाचून दाखवलं.

"पत्र माझ्या नावाने आलंय," तो म्हणाला, "पण मान तुझा आहे, मला काय कळत नाही? मी स्टेजवरून तुझं नाव घेणार, ताई. पूर्ण नाव."

"घेशील?"

"शपथ."

आता हे पूर्ण नावाचं काय, ते सांगायला हवं. ताईला नावाने हाक मारणारं माणूस उरलंच नव्हतं. बाप पोरी म्हणायचा. भावाची ताई, म्हणून बाजाराचीही ताई. भावाच्या मुलीची आत्या. गिऱ्हाइकांची 'अहो, मागच्या बाई'. मागे एकदा दवाखान्यात तिचा नंबर लागला आणि नर्सने दोनदा मोठ्याने नाव पुकारलं, तर ही आपली बसून. तिसऱ्यांदा पुकारल्यावर लक्षात आलं की ते आपलंच. घरी येऊन ही गोष्ट तिने हसत हसत सांगितली होती आणि सगळे हसलेही होते. पण त्या रात्री अंथरुणात तिने आपलं नाव तोंडातल्या तोंडात म्हणून पाहिलं, विसरायला नको म्हणून.

तेव्हा नाव घेणार म्हटल्यावर बाई विरघळली. शेजारच्या दुकानात एक शिवणवाली होती, ताईची एकुलती मैत्रीण, मशीनच्या खडखडाटाने अर्धवट बहिरी झालेली. तिच्याकडून ताईने नवे कपडे शिवून घेतले. आयुष्यात पहिल्यांदा बाह्या लांब ठेवल्या, कारण त्या दिवशी पाण्यात हात घालायचा नव्हता. शिवणवालीच्या कानाशी तोंड नेऊन तिने मोठ्याने सांगितलं, "स्टेजवरून माझं नाव घेणार आहे भाऊ." शिवणवाली म्हणाली, मी येणार ऐकायला, पुढच्या रांगेत बसव मला.

सजावटीला तीन दिवस लागले. पहिल्या दिवशी ताईने माल निवडला, एकेक देठ चाचपून. लिलीच्या घट्ट कळ्या घेऊन खिडकीत कोमट पाण्यात ठेवल्या, म्हणजे बरोबर तिसऱ्या दिवशी डोळे उघडतील. कार्नेशन थंड खोलीत. हायड्रेंजियाची डोकी उलटी करून पाण्यात बुडवली, कारण ते फूल देठापेक्षा पाकळ्यांनी जास्त पाणी पितं. दुसऱ्या दिवशी सभागृहात शिडी लावून दोन कमानी उभ्या केल्या, आधी हिरवा पाला, मग मोठी फुलं, मग बारीक. भाची मदतीला यायची, वायर कापून द्यायची, शिडी धरायची. आता त्याला मात्र हातभार म्हणावं. भाऊ एकदा येऊन गेला, लांबून डोळे बारीक करून म्हणाला, डावीकडे जरा जास्त झालंय का? ताईने डावीकडे हात लावल्यासारखं केलं आणि तो समाधानाने गेला.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिने सत्काराचा गुच्छ बांधला. हे तिचं तिने ठरवलेलं. संघ बाजारातून आणणार होता, ती म्हणाली, माझ्या भावाच्या हातात दुसऱ्याचा गुच्छ नको. पांढऱ्या लिली, सात. पाच उमललेल्या, केसर काढून स्वच्छ केलेल्या. दोन कळ्या फुगलेल्या पण मिटलेल्या, मुद्दाम घेतलेल्या, म्हणजे संध्याकाळी फोटोच्या वेळी ताज्या उघडलेल्या दिसतील. त्यांचं केसर ऐन वेळी काढायचं. त्यासाठीच कार्यक्रमाच्या अर्धा तास आधी ती सभागृहाच्या बाजूच्या खोलीत जाऊन बसली. दोन्ही कळ्या तिच्या हिशेबाप्रमाणे उघडल्या होत्या. पिशव्या फुटून नारिंगी भुकटी वर आली होती. खिशात चिकटपट्टी होती, केसर कुठे सांडलंच तर चिकटपट्टीने अलगद उचलायचं असतं. तिने नव्या कपड्यांची लांब बाही वर सारली आणि दोन बोटं पहिल्या फुलात घातली.

तेवढ्यात भाची आली, हातात कागद. भाषण तिने टाइप केलं होतं. म्हणाली, "आत्या, हायड्रेंजिया बरोबर लिहिलंय का गं? आणि यात तुझाही उल्लेख आहे."

ताईने कागद घेतला. सुरुवात होती, 'तीस वर्षं माझ्या या दोन हातांनी.' मग बापाची आठवण, मग थंड पाण्यात सुजलेली बोटं. बोटंसुद्धा त्याने स्वतःचीच करून टाकली होती. मग ग्राहकांचे आभार, संघाचे आभार, बायकोचे आभार. शेवटून दुसरी ओळ होती, 'माझ्या भगिनीचाही हातभार लाभला.' ताई नाही, बहीण नाही, नाव तर नाहीच. भगिनी. सभेत 'बंधू आणि भगिनींनो' म्हणतात, त्यातली.

तिने कागद उलटा करून पाहिला. मागे कोरा होता.

"नाव नाही घातलं?" तिने विचारलं.

"बाबा म्हणाले, पाचच मिनिटं दिलीत. वेळ कमी आहे."

पाटी लहान, वेळ कमी. ताईने हायड्रेंजिया बरोबर आहे म्हणून सांगितलं आणि कागद परत दिला. मग फुलातली बोटं रिकामीच बाहेर काढली आणि रुमालाला पुसली. भाचीला म्हणाली, गुच्छ झालाय, घेऊन जा, नीट धर, वरच्या फुलांना हात लावू नकोस. ती विसरली नाही. हे इथेच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढे तिला हे कुणीच विचारणार नाही. इतकी वर्षं ज्या बोटांनी झोपेतसुद्धा केसर खुडलं असतं, त्या बोटांना तिने आवरून धरलं, आणि त्यासाठी खुडण्यापेक्षा जास्त जोर लागला.

ती तिसऱ्या रांगेत शिवणवालीशेजारी जाऊन बसली. पुढच्या दोन रांगा पाहुण्यांच्या होत्या. सभागृहात दोनशे माणसं, सगळी फुलांच्या धंद्यातली. भाऊ स्टेजवर, अंगात नवा कोरा मोतिया रंगाचा कोट. अध्यक्षांनी गुच्छ दिला. फोटोवाला म्हणाला, छातीशी धरा, अजून जवळ, हसा. भावाने सात लिली कवटाळल्या आणि हसला. फोटो झाला, गुच्छ खाली आला, आणि कोटावर डाव्या बाजूला दोन नारिंगी पट्टे उठले होते, मांजराने पंजा मारावा तसे.

याच क्षणासाठी तिने ते केलं होतं का? नाही. एवढ्याने काय झालं असतं, कुणाच्याही कोटाला लागतं. पुढे जे झालं ते मात्र ताईच्याही हिशेबात नव्हतं. भावाने खाली पाहिलं, टेबलावरचा पाण्याचा पेला उचलला, रुमाल ओला केला आणि डाग खसाखसा चोळायला घेतला. दोनशे फुलवाल्यांच्या तोंडून एकदम 'अहो, अहो' निघालं. ज्याने आयुष्यात दहा लिली हाताळल्यात, त्यालाही माहीत असतं की केसर चोळायचं नाही, ओलं तर करायचंच नाही. रविवारच्या वर्गात हे नव्हतं, कारण ताईने ते कधी लिहून दिलं नव्हतं. हाताला माहीत असलेल्या गोष्टी लिहायच्या असतात हे तिला सुचलंच नव्हतं. डाग तळहाताएवढा झाला. पुढच्या रांगेत ठोक बाजारातला टोपीवाला व्यापारी बसला होता, त्याचा आवाज मुळातच मोठा. तो म्हणाला, "मास्तर, लिलीला कधी हात लावलाय की नाही हो?"

सभागृह हसलं. आणि ताई, काय सांगावं, ताईला इतका आनंद झाला की तिला स्वतःचीच लाज वाटली. आता यांना कळलं, तिला वाटलं. आता सगळे वळून बघतील की हात कुणाचे होते. तिने बाही वर सारली आणि पिवळी बोटं मांडीवर दिसतील अशी ठेवली.

भावाने माइक हातात घेतला. तो गडबडला होता, पण अर्धा क्षणच.

"माफ करा मंडळी," तो हसून म्हणाला. "हा गुच्छ माझ्या हातचा नाही. माझ्या बहिणीने बांधलाय."

आणि त्याने तिचं नाव घेतलं. तिचं, मग बापाचं, मग आडनाव. सावकाश, स्पष्ट, शेवटच्या रांगेला ऐकू जाईल असं. दिलेला शब्द पाळल्यासारखं.

"केसर काढायचं राहिलं तिचं," तो पुढे म्हणाला. "वय झालं आता. तीस वर्षं सांभाळून घेतलं, आजही घेऊ."

टाळ्या पडल्या, चांगल्या खणखणीत. टोपीवाल्यानेही वाजवल्या. लोकांच्या तोंडावर ती कीव होती, जी आजारी माणसाला सांभाळणाऱ्याकडे बघताना येते. ताईने उठून बोलावं तर काय बोलावं? की मी विसरले नाही, मुद्दाम ठेवलं? खरं बोलली तर दुष्ट, गप्प बसली तर म्हातारी. तिने बाही पुन्हा बोटांपर्यंत खाली ओढली. तेवढ्यात शिवणवालीने, जिला बाकीचं काही नीट ऐकू आलं नव्हतं, तिचा हात घट्ट दाबला. डोळ्यांत पाणी होतं तिच्या. ती म्हणाली, "घेतलं गं नाव. पूर्ण घेतलं."

"हो," ताई म्हणाली. "घेतलं."

मग भाषण झालं, दोन हातांचं, सुजलेल्या बोटांचं. हातभार आला आणि गेला. कार्यक्रमानंतर लोक कमानींभोवती उभे राहून मास्तरांना विचारत होते की एवढ्या उंचावर पाणी कसं पोचवलंत. दुसऱ्या दिवशी सकाळी मोतिया कोट दुकानाच्या मागच्या खोलीत ताईच्या टेबलावर घडी करून ठेवलेला होता. भावजयीने निरोप पाठवला होता, ताईंनाच जमेल. ताईने चिकटपट्टी लावून पाहिली, दोन दिवस उन्हात घालून पाहिला. डाग कोरडा असता तर निघाला असता. ओला करून चोळलेला तो, कसला निघतोय.

नाव मात्र राहिलं. ज्या बाजारात तिला नावाने कुणी ओळखत नव्हतं, तिथे आता पोरंसोरंसुद्धा ते घेतात. आठवड्याभराने एका नवरीच्या आईचा फोन आला. ताई पडद्यामागे होती, भावाने फोन मोठ्या आवाजावर ठेवला होता. बाई ताईचं पूर्ण नाव घेऊन म्हणाली, त्या आहेत ना तुमच्याकडे, राग मानू नका, पण माझ्या मुलीचा गुच्छ त्यांच्या हातचा नको. पांढरा पोशाख आहे. तुम्ही स्वतः बांधा, मास्तर.

"काळजीच करू नका," भाऊ म्हणाला. "मी स्वतः बांधतो."

त्याने फोन ठेवला आणि पडदा बाजूला करून डोकं आत घातलं. "ताई, शनिवारी सकाळी अकरा लिली लागतील. केसर तेवढं बघ हं."

ताईने लिलीची बादली पुढे ओढली. दोन फुलं उघडायला लागली होती. तिने दोन बोटं आत घातली आणि कामाला लागली.